जुना व्हॅक्यूम क्लीनर लिलावात घेताना: पुण्यात काय होतं, काय होत नाही

लिलावाच्या पानावर जुना व्हॅक्यूम क्लीनर दिसला की नजर आधी रंगावर आणि क्रोमच्या चकाकीवर जाते. ती तिथून काढून पाइपच्या टोकाकडे न्यायची सवय लावून घ्या. बेअरिंग, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), वायर, स्विच हे सगळं पुण्यातल्या तपकीर गल्ली आणि बोहरी आळीच्या एका फेरीत मिळतं. पाइपच्या टोकाला असलेली, खट्कन बसणारी कडी मात्र कुठेच मिळत नाही. त्यामुळे बोली लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: यात जे तुटलंय किंवा गायब आहे, ते पुण्यात होण्यासारखं आहे का?

मोटर जळलेली असली तरी लगेच मागे फिरू नका. मिक्सरची आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा गाभा) रिवाइंड करणारा चांगला कारागीर व्हॅक्यूमची आर्मेचरही भरून देतो. फक्त ही मोटर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते, त्यामुळे वाइंडिंगनंतर बॅलन्सिंग करून द्या असं आधीच सांगायचं. ते झालं नाही तर नवं बेअरिंग काही तासांत आवाज करू लागतं. बेअरिंगच्या नंबरांची चिंता नको. ६०८ (८×२२×७ मिमी), ६००० (१०×२६×८) किंवा ६२०० (१०×३०×९) यांपैकी काही असेल तर दुकानात सहज मिळतं. खूप जुन्या मोटरींत बेअरिंगऐवजी ब्राँझचं बुश असतं. ते झिजलं नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

जे होत नाही त्याची यादी छोटी आहे, पण कडक. दांडीचे लॉक, झाकणाचे खटके, बेकलाइटचं (जुन्या कडक प्लास्टिकचं) टोपण, पुढच्या दिव्याची काच, नावाची पट्टी आणि सिलिंडर मॉडेलच्या, म्हणजे आडव्या नळकांड्यासारख्या यंत्राच्या, खालच्या सरकपट्ट्या. इलेक्ट्रोलक्सचं १९२१ सालचं ‘मॉडेल व्ही’ चाकांऐवजी अशाच पट्ट्यांवर सरकायचं. एक पट्टी नसेल तर ते यंत्र एका बाजूला कललेलंच राहणार. १९५४ साली आलेला गोल हूवर कॉन्स्टेलेशन घेताना दोन अर्धगोल जिथे मिळतात त्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. त्या कडेला पोचा असेल तर नवं गॅस्केट घालूनही हवा गळते. पोचा नसेल तर हे यंत्र अवश्य घ्या. नंतरच्या कॉन्स्टेलेशनमध्ये यंत्र बाहेर टाकलेल्या हवेवरच तरंगतं, आणि आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर ते गालिच्यापेक्षा छान तरंगतं.

आता पत्र्यावरच्या आकड्यांकडे वळू. विक्रेत्याने कितीही फोटो टाकले असले तरी रेटिंग प्लेटचा (व्होल्ट-वॅट लिहिलेल्या पट्टीचा) फोटो नसेल तर तो मागायचाच. अमेरिकन यंत्रावर ११० ते १२० व्होल्ट असतात. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर वेगवेगळे आकडे दिसतात, कारण तिथे गावागणिक पुरवठा वेगळा होता आणि काही ठिकाणी तर डीसी होता. २३०/२५० लिहिलेलं यंत्र आपल्या पुरवठ्यावर आरामात चालतं. २०० लिहिलेलं तापतं. ६० हर्ट्झ बघून घाबरू नका: ही ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर आहे, तिला फ्रिक्वेन्सीने फरक पडत नाही, पडतो तो व्होल्टेजने. १२० व्होल्टचं यंत्र थेट २३० वर लावलं तर जवळपास चौपट वीज खेचतं आणि बघता बघता जळतं.

अमेरिकन यंत्रासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. ७०० वॅटच्या यंत्राला तांब्याच्या वाइंडिंगचा १००० व्हीएचा घ्या. ५०० चा घेतला तर दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापेल. आणि त्या यंत्राची मूळची चपटी पिन बदलू नका. ती आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये न बसणं हीच तिची राखण आहे.

‘टेस्ट केलेलं नाही’ असं वर्णनात असेल तर ‘बंद आहे’ असं समजूनच आकडा ठरवा. ‘चालू’ म्हटलं असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागा, आणि त्यात यंत्र सुरू होताना बघण्यापेक्षा बंद होताना ऐका. बटण बंद केल्यावर मोटर सुर्रकन, एकसारखी मंदावत गेली तर बेअरिंग ठीक. खरखरत झटक्यात थांबली तर बेअरिंग गेलं. ब्रशपाशी बारीक निळी ठिणगी दिसणं नेहमीचं आहे. कॉम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाभोवती) पिवळं कडं फिरताना दिसलं तर आर्मेचरचा खर्च धरूनच बोली लावा.

उभ्या, पिशवी लटकणाऱ्या मॉडेलला आणखी एक फोटो लागतो: खालची पट्टी काढून पंख्याचा. या यंत्रांत धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत. त्यामुळे नाणं किंवा खिळा आत गेला की पात्याचा टवका उडतो, पंखा थरथरतो आणि बेअरिंग पाठोपाठ जातं. सिलिंडर मॉडेलमध्ये धूळ पिशवीतच अडते, म्हणून त्यांचे पंखे पन्नास-साठ वर्षांनंतरही सहसा धड सापडतात. पहिल्यांदाच घेत असाल तर सिलिंडरच घ्या.

बोलीचं तंत्र फार नाही. आपली कमाल रक्कम ठरवायची, ती शेवटच्या आठ-दहा सेकंदांत एकदाच टाकायची आणि गोल आकडा टाळायचा. ४० पौंडांऐवजी ४१.३७. ब्रिटनमधले बरेच लिलाव रविवारी रात्री संपतात. तिथले रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. दोन दिवस आधी बोली लावून झोपणं म्हणजे दुसऱ्याला आकडा सांगून ठेवणं.

मात्र परदेशातून थेट पुण्याच्या पत्त्यावर मागवू नका. वापरलेल्या घरगुती वस्तू आपल्या परकीय व्यापार धोरणात निर्बंधित गटात येतात. परवान्याशिवाय आलेलं पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि सोडवता सोडवता यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त खर्च होतो. बरा मार्ग म्हणजे तिथे राहणाऱ्या भाच्याच्या किंवा मावशीच्या पत्त्यावर मागवायचं आणि त्यांच्या प्रवासी सामानातून, कस्टमच्या नियमात बसवून आणायचं. सिलिंडर यंत्र साधारण सात किलोचं असतं, २३ किलोच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत बसतं. ते चेक-इनमध्येच द्यावं. एक्स-रेमध्ये मोटर म्हणजे नुसता काळा गोळा दिसतो, म्हणून लिलावाच्या पावतीचा प्रिंट बॅगेत वरच ठेवायला सांगा. पट्टे आणि पिशव्या नव्या मिळतात, त्या वेगळ्या मागवता येतात.

देशातल्या देशात कुरिअरने आणताना वजनापेक्षा आकारमान महागात पडतं. बरेच कुरिअरवाले लांबी×रुंदी×उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात. दांडीसकट उभं यंत्र १२०×३५×३५ च्या खोक्यात म्हणजे २९.४ किलो. दांडी काढून ६०×३५×३५ च्या खोक्यात तेच १४.७. दांडीला एकच बोल्ट असतो. विक्रेत्याला तो काढायची विनंती करा आणि बेकलाइट असेल तर खोक्यात खोकं, मध्ये चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर जागा, असं स्पष्ट लिहून कळवा.

हे सगळं नको असेल तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारा आणि ऑनलाइन जाहिरातींत १९८२ नंतर दारोदार विकल्या गेलेल्या युरोक्लीनवर नजर ठेवा. यंत्र २३० व्होल्टचं, कस्टमचा प्रश्न नाही. तिथेही निकष तोच: झाडायचे ब्रश आणि नळ्या यांचा मूळ संच सोबत असेल तरच घ्या.

खोकं घरी आलं की पहिली गोष्ट: प्लग लावू नका. गच्चीत जा, एन-९५ मास्क लावा, जुनी पिशवी सावकाश काढून प्लास्टिकच्या थैलीत बांधा. मग आतला इंटरफिअरन्सचा (रेडिओतली खरखर रोखणारा) कपॅसिटर शोधा. मेणाच्या कागदाचा असेल तर तो काढाच, कारण असे कपॅसिटर जुने झाले की शॉर्ट होतात. त्याच्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ दर्जाचा बसतो. रबरी वायर वाकवून बघा. चीर दिसली तर तीन तारांची ०.७५ चौरस मिमीची नवी घाला आणि धातूच्या बॉडीला अर्थिंग द्या. मूळ वायर फेकू नका, लेबल लावून ठेवा.

नवा कपॅसिटर जोडण्याआधी, यंत्राचं बटण चालू ठेवून, ५०० व्होल्टच्या मेगरने दोन्ही पिना एकत्र करून बॉडीशी इन्शुलेशन मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर वाइंडिंगमध्ये ओल आहे. पावसाळ्यात आलेल्या यंत्रांत हे हमखास सापडतं. ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि मोटर एका खोक्यात दोन दिवस ठेवून पुन्हा मोजायचं. खोक्याला बल्बचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि रात्री बल्ब बंद करायचा.

मग सिरीज बल्ब. २०० वॅटचा साधा तारेचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडायचा. नसेल तर १०० चे दोन पॅरललमध्ये. एलईडीचा उपयोग नाही. बटण दाबल्यावर बल्ब उजळला, मोटर हळूहळू फिरू लागली आणि बल्ब जरा मंदावला, तर सगळं ठीक. बल्ब पूर्ण उजळून मोटर हललीच नाही, तर शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. बल्ब लागलाच नाही तर कुठेतरी तार तुटलीय: आधी ब्रश बघा, मग स्विच. यानंतर डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) असेल तर निम्म्या व्होल्टेजवर अर्धा तास चालवा.

कार्बन ब्रश आठ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर जोडीने बदला. नेमक्या मापाचे मिळत नाहीत, म्हणून ड्रिल मशीनचे जरा मोठे घेऊन काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचे. ब्रश त्याच्या खोबणीत स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. अडकला तर ठिणग्या उडतात. मग कॉम्युटेटरभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू ब्रशकडे करून गुंडाळायचा आणि हाताने मागेपुढे फिरवायचा, म्हणजे ब्रशला कॉम्युटेटरची गोलाई येते. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि फटींत बसतात. शेवटी फटींतली काजळी लाकडी काडीने काढायची.

पाइप गळतोय का, हे कानाने कळतं. यंत्र चालू करून पाइपच्या टोकावर तळहात दाबा. हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर वेग घेते आणि आवाज चढतो. आता पाइप काढून यंत्राच्या तोंडावरच हात दाबा. इथे आवाज जास्त चढला, तर जितका फरक ऐकू येतो तितकी गळती पाइपात आहे. जुन्या विणलेल्या पाइपात आतून पातळ रबरी नळी सरकवता येते, फक्त दोन्ही टोकांच्या कड्या न वाकवता काढाव्या लागतात. हवेत थंडी असेल तर आधी त्या कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून घ्या. ताठरलेलं रबर सैल होतं आणि कडी फिरवत फिरवत निघून येते.