आईला घेऊन बँकॉक, तेही टूर कंपनीशिवाय

बँकॉकचं नाव काढल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "कुठल्या टूरबरोबर?" आई सदुसष्ट वर्षांची, पक्की शाकाहारी, आणि जिने चढताना गुडघे तक्रार करतात. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. पण भल्या पहाटे उठवून बसमध्ये कोंबायचं, देवळात चाळीस मिनिटं द्यायची आणि मग दागिन्यांच्या दुकानात दोन तास बसवायचं, हे मला तिच्याबाबत नको होतं. आम्ही दोघीच गेलो. आता कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: बँकॉकमध्ये रस्त्यावर विसंबू नका, रुळांवर आणि पाण्यावर विसंबा. तेवढं जमलं की बाकीचं सोपं आहे.

कागदपत्रांचं काम थोडक्यात उरकलं. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. मात्र 1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर तिथून सरळ बाहेर पडा. मी दोघींचे फॉर्म भरून प्रिंट काढली, कारण आईला हातात कागद असला की बरं वाटतं.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्याखाली शहरात नेणाऱ्या रेल लिंकचं, म्हणजे विमानतळाच्या रेल्वेचं, स्टेशन आहे. पैसे तिथल्याच काउंटरवर बदलून घ्यावेत, वरच्या मजल्यापेक्षा भाव बरा मिळतो. एटीएमवर भिस्त ठेवू नका, परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बात (थायी चलन) कापले जातात. रेल लिंकनं फाया थायला उतरलं की तिथेच स्कायट्रेन, म्हणजे बीटीएस मिळते. हॉटेल निवडताना मी एकच अट ठेवली होती: बीटीएसचं स्टेशन पाच मिनिटांवर हवं आणि त्या स्टेशनला लिफ्ट हवी. ही दुसरी अट ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी विसरू नये, कारण लिफ्ट प्रत्येक बाजूच्या दारापाशी नसते. जमिनीखालून धावणारी एमआरटी वेगळी, तिचं तिकीटही वेगळं. तिथे आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं.

मे महिना होता, म्हणजे अंगाची काहिली आणि दुपारनंतर पावसाची सर. म्हणून दिवस असा आखला: सकाळी देवळं, भर दुपारी खोलीवर आडवं व्हायचं, संध्याकाळी नदी किंवा बाजार.

राजवाड्याला, म्हणजे ग्रँड पॅलेसला, साडेआठला दार उघडतं तेव्हाच हजर व्हावं. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनखालीच नदीवरचा साथोर्न धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची एक्सप्रेस बोट पकडायची. कितीही लांब जा, तिकीट सोळा बात. बोटीत मागच्या बाजूला भिक्खूंसाठी जागा राखीव असते आणि बायकांनी त्यांना धक्का लागणार नाही इतकं अंतर राखायचं, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. ता चांग धक्क्यावर उतरून चालू लागलो, तेवढ्यात एक छान कपडे घातलेला माणूस अदबीनं म्हणाला, "आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. तोवर टुकटुकनं दुसरी देवळं दाखवतो." ही इथली जुनी फसवणूक आहे, ती टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात जाऊन थांबते. आई म्हणाली, "त्याला म्हणावं, आम्ही दारात जाऊनच बघतो." दार उघडंच होतं. तिकीट पाचशे बात, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आई नेहमीच्या सुती साडीत होती, तिला कोणी हटकलं नाही.

राजवाड्याच्या आवारातल्या मंदिरात पाचूचा म्हणवला जाणारा बुद्ध बघायला सगळे धावतात, आम्हीही गेलो. तो खरं तर हिरव्या जेडचा आहे आणि ऋतूनुसार वर्षातून तीनदा राजा स्वतः त्याची वस्त्रं बदलतो. पण आई रमली ती बाहेरच्या ओवरीत. मंदिराभोवतीच्या भिंतीवर 178 चित्रांत सगळं रामायण रंगवलंय. थायी लोक त्याला रामकियन म्हणतात. पांढराशुभ्र हनुमान आईनं लगेच ओळखला. एका चित्रात तो अवाढव्य झालाय आणि अख्खा मंडप त्यानं तोंडात धरलाय. मी वाचून आले होते म्हणून सांगितलं, रामाला पाताळात पळवून न्यायला मैयराप येतो, त्याच्यापासून रामाला लपवण्यासाठी. "म्हणजे आपला महिरावण!" आई म्हणाली, आणि पुढची गोष्ट तिनंच मला सांगितली. पुढे सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या आली. ती रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या, आणि या कथेत हनुमान तिच्या प्रेमात पडतो. आई जरा थांबली. "मारुती ब्रह्मचारी ना गं?" मग स्वतःच म्हणाली, "असू दे. इतक्या लांब येऊन राहिला, इथल्या लोकांनी त्याला घरचा केला." त्या ओवरीत आम्ही दोन तास होतो. टूरबरोबर असतो तर हे मिळालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या वाट फो या देवळात (थायी भाषेत वाट म्हणजे देऊळ) निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. त्याच्या पाठीमागच्या भिंतीशी ओळीनं 108 कांस्यपात्रं मांडलेली आहेत. सुट्ट्या नाण्यांची वाटी विकत घ्यायची आणि प्रत्येक पात्रात एक नाणं टाकत जायचं. सगळ्या दालनात तो टणटण आवाज भरलेला असतो. आईनं प्रत्येक नाण्याला एक नाम घेतलं. वाट अरुण नदीच्या समोरच्या काठावर, होडीनं दोन मिनिटांत. त्याच्या उभ्या पायऱ्या मी चढले, आई सावलीत बसली.

जेवणाची धास्ती सगळ्यांना असते. थायी स्वयंपाकात माशाचं पाणी (फिश सॉस) म्हणजे आपल्याकडची फोडणी, ते कशात नाही असं नाही. त्यावर उपाय आहे "जे" जेवण. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं चिन्ह शोधा. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. भाजी-भात, टोफू, नूडल्स, सगळं निर्धास्त खाता येतं. अगदीच पोळीची आठवण झाली तर फाहुरातला गुरुद्वाऱ्याच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत.

त्यातच संकष्टी आली. आई परदेशातही उपास मोडणार नव्हती. मे महिन्यात तिथे मँगोस्टीन, रामबुतान, आंबा, शहाळी यांची रेलचेल असते, त्यामुळे दिवस सुखात गेला. संध्याकाळी सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोरच्या गणपतीला गेलो. ऑफिसातून सुटलेली मुलं-मुली बॅगा खाली ठेवून उदबत्ती लावत होती, झेंडूच्या माळा वाहत होती. आईनं अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारी उभी असलेली एक तरुण मुलगी ते संपेपर्यंत हात जोडून थांबली आणि मग वाकून नमस्कार करून गेली. पंचांगातली आपल्याकडची चंद्रोदयाची वेळ तिथे चालणार नव्हती, ती फोनवर बँकॉकची शोधून काढली. आईनं उपास सोडला तो नारळाच्या दुधातल्या चिकट भातावर आणि आंब्यावर.

चतुचक बाजार शनिवार-रविवारचा. सकाळी लवकर जा आणि अकराच्या आत बाहेर पडा, एवढंच सांगते.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी सेन सेप कालव्याची बोट चुकवू नये. आम्ही प्रतूनामहून असोकला गेलो. बोट धक्क्याला जेमतेम टेकते, दोरी धरून पटकन आत उतरायचं. समोरून दुसरी बोट आली की बोटीच्या कडेला बसलेले प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात, नाहीतर काळं पाणी थेट अंगावर. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं देतो. आई शेवटच्या क्षणी कचरली होती, पण दोघा प्रवाशांनी न सांगता तिला हात दिला आणि कडेची जागाही. पुढच्या दोन धक्क्यांपर्यंत पडद्याची दोरी तिच्याच हातात होती. संध्याकाळी पाचनंतर मात्र या बोटीला ज्येष्ठांना नेऊ नका, तेव्हा ऑफिसची गर्दी पाय ठेवू देत नाही.