१ जूनचे सर

आज १ जून. सकाळपासून मोबाईल नुसता वाजतोय. आमच्या थोरल्या चुलत्यांचा वाढदिवस, गल्लीतल्या पैलवान काकांचा वाढदिवस, दूध संस्थेच्या सचिवांचा वाढदिवस आणि आमच्या सरांचाही. पन्नाशी ओलांडलेला निम्मा कोल्हापूर जिल्हा आजच्याच दिवशी जन्मला, असं कागद सांगतात. कागद तरी काय, गुरुजींनी लिहिलं तेच सांगणार. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हापासून किती घरांतलं पहिलं पोरगं शाळेचा उंबरा चढलं असेल! बापाला जन्मतारीख विचारली की तो डोकं खाजवायचा. जून उजाडलेला, शाळा उघडलेली. गुरुजी लिहून मोकळे. नाव आत्यानं ठेवायचं, जन्म गुरुजींनी द्यायचा.

सरांच्या आईच्या हिशेबानं सर बेंदराचे. बैल रंगवून झाले होते, पोळ्या लाटायच्या होत्या आणि तिला कळा सुरू झाल्या. पण सर्व्हिस बुकाला बेंदूर कळत नाही.

करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते आम्हाला सातवीला होते. विषय इतिहास, शिवाय स्कॉलरशिपचा जादा तास सकाळी सातला. आम्ही डोळे चोळत पोचायचो तर सर आधीच पेपर मांडीवर घेऊन कसली तरी टिपणं काढत बसलेले. तो एमपीएससीचा अभ्यास होता हे आम्हाला ते पास झाल्यावर कळलं. नायब तहसीलदार झाले म्हणून गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. आम्ही पोरं मात्र तोंडं पाडून मागनं चाललो होतो. आमचा चांगला मास्तर सरकारनं नेला, एवढंच आम्हाला दिसत होतं. (त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींबद्दल न बोललेलं बरं.)

पुढं बदल्या झाल्या, बढती मिळाली, तहसीलदार झाले. महसूल खात्यात तहसीलदाराला रावसाहेब म्हणतात. मी अजून सरच म्हणतो आणि शिपाई माझ्याकडं चमकून बघतो.

एकदा त्यांच्या कचेरीत गेलो होतो. समोर एक म्हातारी उभी. श्रावणबाळ योजनेचा अर्ज होता, त्याला पासष्ट वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. हिच्याकडं ना शाळेचा दाखला, ना जन्माची नोंद. कारकून वैतागलेला. सरांनी आधी तिला खुर्ची दिली.

"मावशी, वय किती असंल?"

"मला काय ठावं, सायेब? कोयनंचा भूकंप झाला तवा थोरलं काखंत हुतं."

सरांनी पेन्सिल उचलली. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. "चालत होता का थोरला?"

"न्हाई, रांगत हुता."

"आणि बाहत्तरच्या दुष्काळात?"

"तवा मी खडी फोडाय जात हुतो की. धाकटी पाठीला बांधून."

कागदाच्या कोपऱ्यात बेरीज-वजाबाकी झाली. मावशीनं सत्तरी केव्हाच मागं टाकलेली. इतिहासाचा हा उपयोग सातवीत कुणी सांगितला असता तर सनावळ्या पाठ करताना आम्ही एवढे रडलो नसतो! पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हेही सरांनीच शिकवलेलं. त्यांनी सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला घेण्यासाठी पत्र दिलं आणि कोतवालाला सांगितलं, "नुसतं पत्र हातात देऊ नको, तू बरोबर जा." माझं काम काय होतं ते त्या गडबडीत राहूनच गेलं.

२०१९ च्या पुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, तरी माणसं जनावरं सोडून घराबाहेर पडेनात. निवारा केंद्रातून रात्री हळूच परत गोठ्याकडं पळणारेही होते. सरांनी वही मागवली आणि सकाळ-संध्याकाळ चक्क हजेरी सुरू केली. नाव, बापाचं नाव, आडनाव. मिशीवाले बाप्ये "हजर सर" म्हणत उभे राहायचे, आणि गैरहजर कोण ते लगेच कळायचं.

कोल्हापुरात वाढदिवस म्हणजे फ्लेक्स. मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंत गॉगल लावलेली तोंडं. मागं कुणा उत्साही माणसानं सरांचाही लावला. सरांचा त्याला फोन गेला, "तासाभरात बोर्ड उतरव. आणि पुढच्या खेपेला कुणाचाही लावशील तेव्हा हार्दिकची वेलांटी पहिली काढ." हार-बुके तर त्यांनी कधी घेतलेच नाहीत. ज्याला काही द्यायचंय त्यानं वह्या द्याव्यात, त्याही शंभर पानी. दोनशे पानी वहीनं दप्तर जड होतं, हे ज्यानं पोरांची दप्तरं उचलून पाहिलीत त्यालाच सुचणार.

पुढच्या वर्षी सर निवृत्त होतायत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला घरी जातो, म्हणजे ३१ मे. मघाशी फोनवर म्हणाले, "जुनं पंचांग काढून बघितलं. त्या साली आमचा बेंदूर जुलैत आला होता. गुरुजींनी माझे दोन पगार बुडवले रे."

मी म्हटलं, "सर, वर्ष तरी खरं आहे का?"

"त्याचं तर विचारूच नको. तेव्हा डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान सापडला की पोरगं सहा वर्षांचं. माझा सापडला, पण आमच्या घरात सगळ्यांचेच हात लांब."