टमी टक झालेल्या बाईला बादली उचलू देऊ नका

सिझेरियन झालेल्या बाईला आपल्याकडे सव्वा महिना कुणी जड उचलू देत नाही. पण त्याच पोटाचं टमी टक, म्हणजे सैल कातडी काढून पोट घट्ट करायचं ऑपरेशन, करून घेतलं की घरातलं वारं फिरतं. "हौसेनं करून घेतलंस ना?" हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पुष्कळ घरांत ऐकलंय. यंदा मावसबहिणीच्या घरीही ऐकलं आणि फार राग आला.

तिला जुळी मुलं. पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेले, कंबर कायम दुखणारी. सर्जननी ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चीर घेतली, कातडी स्नायूंवरून थेट बरगड्यांपर्यंत सोडवली, स्नायू टाके घालून जवळ आणले आणि जादा कातडी काढून टाकली. बाहेरून दिसते एक रेघ. आत अख्खं पोटभर जखम असते.

घोटाळा होतो तो चालण्यामुळे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर लगेचच घरातल्या घरात, कमरेत वाकून चालायला लावतात. घरच्यांना वाटतं, चालतेय म्हणजे बरी झाली. तिलाही तसंच वाटायला लागतं. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या निघालेल्या असतात, आणि ओटीपोटाची कातडी बधिर असते, त्यामुळे ताण पडला तरी वेळेवर कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कामवाल्या मावशी आल्या नाहीत. बहिणीनं ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेली. आणखी दोन दिवस हेच. मग एका संध्याकाळी पोटाला बांधलेला पट्टा सोडला तर बेंबीखाली फुगवटा. मी एका बाजूला तळवा ठेवून दुसरीकडून टिचकी मारली, तर आतलं पाणी हिंदकळून तळव्याला लागलं. सेरोमा, म्हणजे कातडीखाली साठलेलं पाणी. तो एरवीही होऊ शकतो. पण सुटलेले थर नीट चिकटण्याआधीच एकमेकांवर घासत राहिले की शक्यता वाढते.

सर्जननी सुईनं पाणी काढलं. पिवळसर, सरबतासारखं पातळ. काही दिवसांनी पुन्हा काढावं लागलं. सोबत सासूबाई होत्या. मोठी सिरिंज भरताना बघून म्हणाल्या, "अगं बाई, आत एवढं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." खरंच नव्हतं सांगितलं. सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि तो तिच्याच पर्समध्ये राहिला होता. त्या दिवसापासून बादलीला त्यांनी तिला हात लावू दिला नाही.

तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून साधारण ६ आठवडे भरलेला कुकर, दळणाचा डबा, कडेवरचं मूल, सगळं दुसऱ्यानं उचलायचं. मुलाला जवळ घ्यायचं तर तिनं बसावं आणि कुणीतरी त्याला शेजारी आणून बसवावं. सूर्यनमस्कार, प्लँक, जिम हे सर्जननी हो म्हटल्यावरच. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण कुंथण्याचा ताणही त्याच टाक्यांवर येतो.

फुगवटा, लाली, ताप, टाक्यांतून स्राव दिसला तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर फोनवर वेळ न घालवता तिला थेट हॉस्पिटलमध्ये न्या.