आईची किडनी, माझ्या गोळ्या

दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणून घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मला यांची किडनी बसणार. यांनी ऑफिसात रजेचं बोलूनही ठेवलं होतं. मग क्रॉसमॅचचा रिपोर्ट आला आणि सगळंच फिसकटलं. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, एकत्र करून बघतात. माझ्या सीरमने यांच्या पेशी मारून टाकल्या होत्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "मुलं किती?"

दोन. दोन्ही बाळंतपणं सुखरूप. पण बाळाचा अर्धा वाटा बापाचा असतो, आणि नऊ महिने त्याला निमूट सांभाळणाऱ्या माझ्या शरीराने बापाच्या पेशींवरच्या खुणा मनात धरून ठेवल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होत्या. सोळा वर्षांच्या संसारात मी यांच्यावर इतका डूख धरला असेल असं मला तरी वाटलं नव्हतं. हे मात्र हसले नाहीत.

मग आई पुढे आली. वय ५९, बीपी नाही, शुगर नाही. आई आणि लेक म्हटल्यावर पेशींवरच्या या खुणा, म्हणजे एचएलए, निम्म्या जुळतातच, आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह आली. कायद्याने आई जवळची नातेवाईक. तरी रेशनकार्डावर 'सुमन' आणि माझ्या दाखल्यावर 'सुमनबाई', या एका 'बाई'पायी प्रतिज्ञापत्रासाठी दोन खेपा झाल्या. किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे तिला विचारलं, कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, "दबाव हिच्यावर आहे. ही नको म्हणतेय."

ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही. माझ्या दोन्ही जुन्या किडन्या जागेवरच आहेत, आईची उजवीकडे ओटीपोटात बसवली. शुद्धीवर आल्यावर आईचा सिस्टरला पहिला प्रश्न होता, "तिला लघवी झाली का?" पिशवी दोनदा रिकामी करून झाली होती.

खरं प्रकरण सुरू झालं ते घरी आल्यावर. सकाळी नऊ, रात्री नऊ. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सकाळची स्टिरॉइडची गोळी. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. टॅक लेव्हलच्या, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमस मोजायच्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. एकदा सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये गेले आणि हात हलवत परत आले. गणपतीत मावशीने पपनस सोलून गुलाबी फोडी माझ्यापुढे केल्या. नको म्हणताना जीवावर आलं, पण पपनसाने टॅकची लेव्हल चढते. तिचाच गुळवेलीचा काढाही परत केला. "प्रतिकारशक्ती वाढते गं!" तीच तर वाढायला नको होती. हे लोकांना समजावणं डायलिसिसपेक्षा अवघड.

आठव्या महिन्यात मात्र मी घोटाळा केला. गावच्या जत्रेत दोन रात्रींच्या गोळ्या राहिल्या, तिसरी पहाटे घेतली. बरं वाटत होतं, म्हणून कुणाला बोलले नाही. किडनीचं काम मंदावलं की रक्तात क्रिएटिनिन वाढतं; पुढच्या तपासणीत ते १.१ वरून १.९. बायोप्सीत रिजेक्शन निघालं, शरीर किडनी नाकारू लागलं होतं. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, तोंडात धातूची चव, रात्रभर टक्क जाग. १.३ वर येऊन थांबलं, तिथून खाली आलं नाही.

तेव्हाच डॉक्टरांना विचारलं, या गोळ्या सुटणार कधी? ते गडबडीत नव्हते, बसून बोलले. १९५४ साली बॉस्टनला जी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, हुबेहूब जुळ्याची, म्हणून गोळ्या लागल्याच नाहीत. पुढे बॉस्टनलाच किडनीसोबत त्याच दात्याची अस्थिमज्जाही, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा मगज, देऊन पाहिली. दाते आई-लेकीसारखे निम्मे जुळणारे. दात्याच्या पेशी काही आठवडेच रक्तात टिकल्या, पण तेवढ्यात शरीराने ती किडनी आपली म्हणून मान्य केली. २००८ साली छापून आलं तेव्हा पाचांपैकी चौघांच्या गोळ्या बंद होत्या. पाचव्याची किडनी गेली. अहमदाबादेत किडनीतज्ज्ञ डॉ. त्रिवेदींनीही मूळपेशी देऊन याच वाटेने बरंच काम केलं. आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ज्या पेशींच्या शोधाला मिळालं, त्या रेग्युलेटरी टी पेशींचं कामच मुळी प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना आवरायचं.

"मग मला?"

"तुम्हाला नाही. तुमच्या शरीराची स्मरणशक्ती आपण क्रॉसमॅचमध्ये बघितली. आणि आता एक रिजेक्शनही झालंय."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला अस्थिमज्जा वगैरे कळलं नाही, पण राग आला. "तू नऊ महिने माझ्या पोटात होतीस. मी कुठं गोळ्या घेतल्या होत्या?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात नऊचा गजर झाला. तिने तांब्या पुढे सरकवला आणि मी गोळ्या गिळेपर्यंत समोरून हलली नाही.