शून्य पत्त्यावरचा आकडा

1974 च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील एका रसायन प्रयोगशाळेत मी संगणक दुरुस्तीसाठी गेलो होतो. तेथील पीडीपी-8/ई हा छोटा संगणक गॅस क्रोमॅटोग्राफची, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाची, मापने नोंदवीत असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1965 मध्ये आणलेल्या पीडीपी-8 चा हा 1970 मधील वंशज. शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा आकडा, तसाच 12 बिटांचा, पण ऑम्निबस या बोर्ड जोडण्याच्या सामाईक मार्गामुळे हवा तो जादा बोर्ड सरळ खाचेत बसवता येई, आणि ही सोय मला फार मोलाची वाटे.

वीज क्षणभर गेली की नोंदी बिघडतात, अशी तक्रार होती. कधी यंत्र थांबे, कधी टेलिटाइप हे छपाईयंत्र निरर्थक अक्षरे छापी, तर कधी सारे सुरळीत दिसूनही मापनांत एक शून्य शिरे. सर्वांचा संशय केपी8-ई या बोर्डावर होता. वीज खाली येऊ लागताच हा बोर्ड इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवण्याचा इशारा, देतो. मग उरलेल्या सुमारे एक मिलिसेकंदात प्रोग्रॅमने अ‍ॅक्युम्युलेटरमधील (चालू हिशेबाच्या घरातील) आकडा कोअर मेमरीत ठेवायचा असतो, कारण तिच्या चुंबकीय कड्यांतील मजकूर विजेवाचून टिकतो. वीज परतल्यावर यंत्र मेमरीतील शून्य पत्त्यावरच्या आज्ञेपासून आपोआप सुरू होते.

बोर्ड बदलूनही दोष गेला नाही. तेव्हा मी मुद्दाम वीज तोडली, हॉल्टची कळ दाबलेली ठेवून ती पुन्हा दिली आणि समोरच्या कळांवर 0000 मांडून तेथील मजकूर दिव्यांवर वाचला: अष्टमान (0 ते 7 अंकांच्या) पद्धतीत 3417. क्षणभर मी त्या दिव्यांकडे पाहतच राहिलो. इंटरप्ट येताच यंत्र परतीचा पत्ता, म्हणजे काम जेथे थांबले ती जागा, याच शून्य जागी लिहिते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो तेथून हलवलाच नव्हता! त्यामुळे वीज परतल्यावर यंत्र त्या पत्त्यालाच आज्ञा समजून अमलात आणी. 3417 ही आज्ञा म्हणून वाचली, तर अ‍ॅक्युम्युलेटरमधील आकडा 17 क्रमांकाच्या जागेने दाखवलेल्या पुढच्या घरात टाक, असा तिचा अर्थ होतो. नुकत्याच सुरू झालेल्या यंत्रात तो आकडा शून्यच. वीज कोणत्या पत्त्यावर गेली यानुसार आज्ञा बदले, म्हणून प्रत्येक बिघाड निराळा दिसे.

परतीचा पत्ता दुसरीकडे ठेवून शून्य जागी 5402, म्हणजे 2 क्रमांकाच्या जागेत लिहिलेल्या पत्त्यावर उडी घेण्याची आज्ञा, लिहिण्याची तरतूद मी प्रोग्रॅममध्ये केली. नंतर दहा वेळा वीज तोडून पाहिली. टेलिटाइपवरील एकाही ओळीत शून्य आले नाही, आणि जुना बोर्ड मी पुन्हा त्याच्या खाचेत बसवला.