आमची वाटचाल: कोट्याच्या रांगेपासून रबाळ्याच्या गाळ्यापर्यंत

आमच्याकडे पितळेचे आणि पोलादाचे बारीक टर्न्ड पार्ट, म्हणजे लेथवर कातलेले सुटे भाग, बनतात. स्विचगिअरमधले (विजेच्या स्विच-पॅनेलमधले) टर्मिनल, पिना, इन्सर्ट. बाबांनी 1979 मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या शेडचा एक कोपरा घेऊन दोन जुन्या ट्रॉब मशीनवर (ऑटोमॅटिक लेथवर) हे काम सुरू केलं. स्वतः टर्नर, त्यामुळे सेटिंग तेच करायचे. आईने चलनं आणि हिशोब सांभाळला. मी 1994 मध्ये डिप्लोमा करून गाळ्यात आले ती आजतागायत इथेच आहे.

सुरुवातीच्या दहा वर्षांत बाबांची बरीच शक्ती कागदपत्रांत खर्च झाली. पितळेला लागणारं तांबं, जस्त यांची आयात एमएमटीसी या सरकारी कंपनीच्या हातात होती. लघुउद्योगाला कोटा मिळायचा, पण तो कधी आणि किती मिळेल याचा भरवसा नसायचा. कोटा लांबला की ब्रास रॉड चढ्या भावाने बाजारातून उचलायचा. त्याच इस्टेटमध्ये मशीनला कुलूप लावून नुसता कोटा विकणारेही होते, आणि त्यांचं बरं चाललं होतं. दुसरीकडे संरक्षणही होतं. 1967 मध्ये 47 वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, पुढे हा आकडा आठशेच्या वर गेला. पण यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की लघुउद्योगाचा दर्जा जायचा. 1985 नंतर ही मर्यादा 35 लाखांची होती. म्हणून धंदा वाढला की लोक बायकोच्या, मेहुण्याच्या नावाने दुसरी फर्म काढायचे. मोठं होणं हाच गुन्हा वाटावा अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यासाठी हळहळायला मी तयार नाही.

24 जुलै 1991 ला नवं औद्योगिक धोरण आलं. 18 उद्योग सोडून बाकी सगळ्यांची परवान्याची अट गेली. त्याच दिवशीच्या अर्थसंकल्पात आयात शुल्काचा कमाल दर 150 टक्क्यांवर आणला गेला. त्याआधी तो तीनशेच्याही वर होता. पुढे तो दरवर्षी उतरत गेला. आम्ही पहिलं सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं, 1996 मध्ये घेतलं, बंगळूरच्या बनावटीचं. त्यातला कंट्रोलर जपानी होता, आणि शुल्क उतरलं नसतं तर ते मशीन आमच्या आवाक्यात आलंच नसतं. बँकेचा हप्ता जड होता, पण माल अचूक निघू लागला आणि रिजेक्शन कमी झालं. ठाण्याच्या किसननगर, लोकमान्यनगरमधून येणाऱ्या आमच्या कामगारांची मुलं कॉलेजात जाऊ लागली ती याच वर्षांत. नियोजन आयोगाच्या हिशोबाने देशातली गरिबी 1993-94 मधल्या 45.3 टक्क्यांवरून 2011-12 मध्ये 21.9 टक्क्यांवर आली. ही रेषा ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या निकषांवर कितीही वाद घाला, माणसांच्या घरात फरक पडला हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग 1 एप्रिल 2001 ला किती माल आयात करायचा यावरची उरलेली बंधनं उठली. त्याच वर्षाच्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. आम्हाला रॉड ज्या भावाने पडायचा, जवळजवळ त्याच भावात चीनचा तयार पार्ट ग्राहकाच्या टेबलावर येऊ लागला. 2003 पासून हिमाचल आणि उत्तरांचलला (आताच्या उत्तराखंडला) उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या आणि आमचे दोन ग्राहक बद्दी-हरिद्वारकडे गेले. याला काही जण मोकळा बाजार म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती सरकारने एका भागाला दिलेली सूट होती आणि तिची किंमत ठाण्याने मोजली.

जमिनीचं तर विचारूच नका. नोव्हेंबर 2007 मध्ये महाराष्ट्रात नागरी जमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी यावरची मर्यादा, रद्द झाला. पोखरण रोड, घोडबंदर रोडच्या बाजूला कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. वागळेत शेडच्या जागी आयटीच्या काचेच्या इमारती आल्या. आमच्या शेडच्या मालकाने जागा विकायचं ठरवलं तेव्हा आम्ही नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एमआयडीसीत गाळा घेतला. कामगार टिकले याचं श्रेय माझं नाही. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये ठाणे-तुर्भे ट्रान्सहार्बर लाइन सुरू झाली होती, म्हणून किसननगरचा माणूस रोज रबाळ्याला येऊ शकला. सार्वजनिक पैशातून झालेली ती लोकल नसती, तर मोकळ्या बाजाराने आमचे निम्मे कारागीर रिक्षावर किंवा सिक्युरिटीच्या नोकरीवर पाठवले असते. बंद पडलेल्या मोठ्या कंपन्यांच्या टूलरूममधली किती माणसं तिकडे गेली, हे ठाण्यात कोणालाही विचारा.

परवाने गेले ते उत्तमच झालं, पण मोकळीक सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. मोठ्या ग्राहकाला ती भरपूर मिळाली, आम्हाला थोडी, आणि कामगाराच्या वाट्याला आला ठेकेदार. ग्राहकाच्या लाइनवर आज एकाच मशीनवर दोन पाळ्यांत दोघे जण तेच काम करतात, एक कायम आणि एक कंत्राटी, आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे एक सीएनसी ऑपरेटर अशाच ठेक्यावरची नोकरी सोडून आला. पगार जवळपास तेवढाच. त्याने विचारलं एवढंच, "ताई, पीएफ खरंच भरता ना?"

आम्ही भरतो. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून हजेरीपट एकोणीसवर थांबवणारे गाळे आमच्या गल्लीत आहेत. त्यांनाही मी दोष देत नाही. त्यांचं गणित उधारीवर अडलेलं असतं. 2006 च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते व्याज मागायची हिंमत किती जणांत आहे? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. शेवटी आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म-लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. 2024 च्या फेब्रुवारीत एका ग्राहकाच्या खरेदी विभागातून मला फोन आला, आमच्या उद्यम रजिस्ट्रेशनबद्दल, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेल्या सरकारी नोंदणीबद्दल. "मॅडम, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन काढून टाकता येईल का? मग आम्हाला अडचण राहणार नाही." मी नाही म्हटलं. त्यांची ऑर्डर तीन महिने अर्ध्यावर आली, नंतर पूर्ववत झाली, कारण तेवढ्या अचूकतेने, मायक्रॉनच्या हिशोबात, तो पार्ट देणारे फार नाहीत. ज्याच्याकडे ती ताकद नाही त्याने काय करायचं?

या साखळीत आमच्याही खाली कोणीतरी आहे. पार्टची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढायचं काम बरीच वर्षं लोकमान्यनगरमधल्या बायका घरी करायच्या, किलोवर. ना हजेरी, ना ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). बोटं पितळेच्या धारेने कापलेली असायची. 2012 मध्ये त्यातल्या ज्या येऊ शकल्या त्यांना आम्ही गाळ्यात पगारावर घेतलं, व्हायब्रेटर मशीन बसवलं, हातमोजे दिले. एकीचं बाळंतपण ईएसआयमुळे खर्चाविना झालं. काहींना लहान मुलांमुळे घर सोडता आलं नाही. त्यांना काम अजून घरीच जातं, दर वाढवून, आणि पैसे दर आठवड्याला. प्लेटिंगवाल्यांचं (पार्टवर मुलामा चढवणाऱ्यांचं) बिल आम्ही तीस दिवसांत देतो, ग्राहकाने आमचं दिलेलं असो वा नसो. त्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट वापरतो, व्याज आम्ही सोसतो.

यंदा घरी काम करणाऱ्या बायकांसाठी गाळ्याजवळ पाळणाघराची खोली भाड्याने घ्यायचा विचार आहे. रबाळ्यातल्या आणखी चार गाळेवाल्यांशी बोलणं चालू आहे, कारण भाडं एकट्याला झेपणारं नाही. दोघांनी होकार दिला आहे.