ग्लाईड कमी, पकड जास्त: समुद्रासाठी फ्रीस्टाईल बदलताना

४०० मीटर पोहायला ७:१६ (मिनिटं:सेकंद), २०० मीटरला ३:३०. फरक ३:४६, त्याचा निम्मा १:५३. म्हणजे दम न जाता बराच वेळ धरून ठेवता येईल असा माझा वेग आता १०० मीटरला १:५३ आहे. पावसाळा सुरू होताना हाच आकडा २:०० होता (७:४० आणि ३:४०). हा वेग काढायची सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड) चाचणी कुणी केली नसेल तर सोपी आहे: नीट वॉर्मअप, मग ४०० जीव तोडून, थोडं सैल पोहून श्वास जागेवर आला की २०० जीव तोडून. सुरुवात भिंतीवरून करायची, सूर मारून नाही, नाहीतर आकडा उगाच गोड दिसतो.

या सात सेकंदांत ताकदीचा वाटा जवळजवळ नाही. जिमकडे मी अजून फिरकत नाही. बदलला तो स्ट्रोक, आणि तोही अशा दिशेने की टँकवरची जुनी मंडळी नाकं मुरडतात. ५० मीटरच्या एका लांबीला मला आधी ४४ हात लागायचे, आता ५० लागतात. मिनिटाला ४८ हात पडायचे, आता ५८ पडतात.

टँकवर कमी हातांचं भारी कौतुक असतं. हात पुढे ताणायचा, तसंच सरकत राहायचं (हीच ग्लाईड), मग सावकाश ओढायचं. सपाट पाण्यात ते देखणं दिसतं आणि चालूनही जातं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. ओढ थांबली की वेग लगेच गळतो आणि पुढच्या हाताला तो पुन्हा उभा करावा लागतो. त्यात पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मंद-जलद-मंद जाणं एकसारखं जाण्यापेक्षा महाग पडतं. समुद्रात नेमकं सरकतानाच समोरून लाट आली की उरलासुरला वेगही खलास. शिवाय भिंतीचा हिशेब आहेच: ५० च्या टँकमध्ये ५ किलोमीटर म्हणजे १०० लांब्या, आणि दर लांबीला भिंतीला लाथ मारून पाचेक मीटर फुकट. म्हणजे पाचशे मीटर आपण हात मारलेलेच नसतात. समुद्र असलं काही फुकट देत नाही.

थोडक्यात, घाट चढताना सायकलवाला हलका गिअर टाकून पाय जलद फिरवतो तसलाच हा प्रकार. प्रत्येक हातामागचा जोर कमी, हात जास्त.

जॅनेट इव्हान्सचे जुने व्हिडिओ बघा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ४०० आणि ८०० मीटर फ्रीस्टाईलची सुवर्णपदकं, हात जवळजवळ सरळ, गती भन्नाट, देखणेपणाच्या नावाने शून्य. १९८९ मध्ये तिने ८०० मीटरला केलेला ८:१६.२२ चा विश्वविक्रम थेट २००८ मध्ये मोडला. दुसऱ्या टोकाला सुन यांग, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर १४:३१.०२ मध्ये, लांबलचक मोजक्या हातांनी. पण तो साडेसहा फुटी. माझ्यासारख्या पाच फूट पाच इंचवाल्याने त्याची नक्कल करण्यात काही हशील नाही.

गती वाढवण्याआधी पकड जागेवर हवी. हा क्रम उलटा झाला तर हात नुसतं पाणी घुसळतात. पकड म्हणजे हात पाण्यात शिरल्यावर बोटं खाली वळवायची, कोपर मात्र वरच, पृष्ठभागाजवळ ठेवायचं. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एक सपाट भाग तयार होतो आणि तो पाणी सरळ मागे ढकलतो. सगळा घोटाळा पहिल्या वीतभर अंतरात होतो. सरळ हात खाली दाबला की छाती वर उचलली जाते, पाय बुडतात आणि आपण थोडा वेळ उभ्यानेच पोहतो. आणखी एक खोड म्हणजे ग्लाईड करताना मनगट वर वळणं. मग तळवा समोर तोंड करून ब्रेक लावतो. मित्राने पाण्याखालून काढलेल्या व्हिडिओत माझा डावा तळवा चक्क समोरच्याला ‘थांब’ म्हणत होता.

यावर सगळ्यात उपयोगी पडलं ते मूठ ड्रिल: २५ मीटर मुठी वळून, लगेच २५ मीटर तळवे उघडून. मुठीने पोहताना कोपराखालचा हात वापरल्याशिवाय पुढेच जाता येत नाही, त्यामुळे शरीर आपसूक मार्ग शोधतं. जोडीला पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा) लावून पुढचं स्कलिंग, म्हणजे हात पुढे ठेवून तळवे आत-बाहेर फिरवणं, आणि हात पाण्याबाहेर न काढता डॉगी पॅडल. हे शेवटचं करताना शेजारच्या लेनमधली पोरं हसतात. हसू देत. कॅच-अप ड्रिल (एक हात पुढे ताणून दुसरा त्याला येऊन मिळेपर्यंत थांबायचं) मात्र मी पूर्ण बंद केलं. ते ग्लाईडच शिकवतं आणि मला नेमकी तीच सोडायची होती.

मग टेम्पो ट्रेनर. टोपीखाली बसणारं हे छोटं यंत्र दर हाताला बीप देतं. मिनिटाला ४८ म्हणजे १.२५ सेकंदांचं अंतर, तिथून ०.०२ ने कमी करत १.०३ पर्यंत आलो. प्रत्येक पायरीवर १०० मीटरचे संच, आणि पकड निसटतेय असं वाटलं की एक पायरी मागे. १.१२ च्या आसपास सगळं काही दिवस अगदी विस्कळीत झालं, श्वासाची वेळ चुकायला लागली. उपाय निघाला तो श्वास सोडण्यात. चेहरा पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे तोंड बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. श्वास रोखून ठेवला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दम लागल्याची घाबरट भावना तिथूनच येते.

किकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दर हाताला एक लाथ, बस. समुद्राचं पाणी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार घेऊन असतं, घनता गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जास्त, पाय आपोआप वर राहतात. मांड्यांना जाणारा प्राणवायू खांद्यांकडे वळवलेला बरा.

हे सगळं टँकवरचं झालं. कोल्हापूरच्या राजाराम तलावात साइटिंग, म्हणजे पोहता पोहता दिशा बघणं, घोटून घेतलं: दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढायचे, बघायचं आणि त्याच हालचालीत मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. समोर बघतानाच श्वास घ्यायला गेलं की कंबर खाली जाते. नदीत पोहायला शिकलेल्यांना डोकं वर ठेवायची सवय असते, त्यांना हे पटकन जमतं. कोच लोक ती सवय मोडायला टपलेले असतात, पण तिचा थोडा अंश राखून ठेवा.

मग फोंडा घाट उतरून मालवणला, चिवला बीचवर. पावसाळ्यात तिथे उतरायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे दर्या शांत होईपर्यंत थांबलो. होडीवाल्या काकांची पहिलीच सूचना होती, “सात वाजायच्या आधी उतरा, मगे वारो सुटता.” बरोबरच आहे. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, किनाऱ्यालगत पाणी निवांत असतं. ऊन तापलं की खारे वारे सुरू होतात आणि बारीक, आखूड लाटा उठतात. मी एकदा मुद्दाम उशिरा उतरलो, कारण चाचणी तीच होती. ४८ च्या जुन्या गतीने शंभरेक मीटर पोहून पाहिलं: प्रत्येक ग्लाईडला लाट थोबाडीत. ५८ वर आल्यावर लाटेच्या आधी पुढची पकड लागत होती. फरक घड्याळात बघायचीही गरज पडली नाही. बघूनही फार कळलं नसतं म्हणा, कारण जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोहोचत नाही. मनगटावरचं घड्याळ वेडीवाकडी रेघ काढतं, म्हणून ते मागे ओढत न्यायच्या नारिंगी फ्लोटच्या खिशात ठेवतो.

रिकव्हरीही, म्हणजे ओढ संपल्यावर हात पाण्यावरून पुढे आणणं, तिथेच बदलली. टँकमध्ये कोपर उंच, बोटं पाण्याला घासून जाणारी रिकव्हरी सुंदर वाटते. चौपाटीवरच्या लाटांत तीच बोटं दर तिसऱ्या हाताला अडकतात. हात थोडा सरळ आणि बाहेरून फिरवला की अडकत नाही. फक्त अंगठा आधी पाण्यात घालायचा नाही. त्याने खांदा आत वळतो आणि हजारो हातांनंतर तो दुखायला लागतो. बोटांची टोकं आधी, खांद्याच्या रेषेत.

दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याचा सराव इथे वसूल झाला. जाताना लाटा उजवीकडून, म्हणून श्वास डावीकडे, येताना उलट. होडीचं इंजिन चालू असेल तर तिच्या धुराच्या विरुद्ध बाजूला.

जाताजाता एक जुनी गोष्ट. कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ मध्ये इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकने पोहला, पावणेबावीस तास लागले. इतक्या लांब अंतराला क्रॉल झेपणार नाही, अशी समजूत बरीच वर्षं होती. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले क्रॉलने साडेचौदा तासांच्या आसपास पार गेली, तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा जलद. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये ओशन्स सेव्हन या जगभरातल्या सात अवघड खाड्यांच्या आव्हानातल्या सातही खाड्या पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्याच्यापुढे माझे चिवल्याचे किलोमीटर म्हणजे अंघोळ.

सध्या बाकी आहे ते असं. डावा हात थकल्यावर अजून मध्यरेषा ओलांडतो आणि मी उजवीकडे भरकटतो. त्यासाठी डोळे मिटून दहा हात आणि मग साइटिंग, हा खेळ तलावात सुरू केलाय. मानेला मीठ आणि दाढीच्या खुंटांनी जखम होते. व्हॅसलीन लावतो, पण गॉगल आधी चढवून, नाहीतर काचांवर तेलकट बोटं उठतात. पुढचा संच ५ वेळा ६०० मीटर, १.०३ च्या बीपवर, मध्ये वीस सेकंद विश्रांती. शेवटच्या ६०० मध्ये एका लांबीचे हात ५२ च्या वर गेले नाहीत तरच १.०० ला हात घालणार.